खिडकीच्या मापाचा डोंगर

"एवढंच ना? मी तुला डोंगर करून देतो," असं मी म्हणालो तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि समोर बायको होती. तेवढ्यावर निभावलं असतं. नवरे सकाळच्या चहाबरोबर जे काही बोलतात ते बायका मनावर घेत नाहीत, असा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. पण नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या वहिनी आमचं नेलेलं पातेलं परत द्यायला दारात उभ्या होत्या. त्यांनी पातेलं दिलं, माझं वाक्य घेतलं आणि त्या जिना चढून गेल्या.

संध्याकाळी जिन्यात तळमजल्यावरचे हेडमास्तर भेटले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी समोरचा माणूस गृहपाठ न करता आलाय अशाच नजरेनं ते बघतात. "काय, डोंगर कुठवर आला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चालू आहे." इथं मी फसलो. मी शब्दाचा पक्का माणूस आहे, आणि हा गुण आजवर मला सोडून सगळ्यांच्या उपयोगी पडलेला आहे.

मूळ प्रकरण असं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोंगर दिसायचा. फार मोठा नाही. कुणी मुद्दाम बघायला जावं असा तर मुळीच नाही. पण सव्वीस वर्षं बायको त्या खिडकीसमोरच्या ओट्याशी उभी राहिली आणि सव्वीस वर्षं तो तिच्यासमोर उभा राहिला. मग मधल्या मोकळ्या जागेत एक इमारत यायला लागली. तीन मजले झाले आणि डोंगर कमरेपर्यंत बुडाला. बायको काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा मी निर्धास्त असतो. बोलत नाही तेव्हा मला धडकी भरते. ती भाजी चिरायला टेबलापाशी बसू लागली, तीही खिडकीकडे पाठ करून. त्या दिवशी चहा देताना म्हणाली, "सहावा मजला झाला की संपलं. मग काय, भिंत." एवढं बोलून ती कप विसळायला लागली, आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

फोटो का नाही काढला, असं हेडमास्तरांनी विचारलंच. काढला होता. फोटोत डोंगर लिमलेटच्या गोळीएवढा आला आणि विजेचा खांब मात्र अतिशय सुरेख आला.

शिवाय मी काही ऐरागैरा नव्हतो. नकाशा कार्यालयात मी एकतीस वर्षं समोच्चरेषा काढल्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: डोंगरावरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणारी जी रेघ, ती समोच्चरेषा. अशा रेघांचे एकात एक वेटोळे काढले की कागदावर डोंगर उभा राहतो. आमचा हा डोंगरही मीच काढलेला होता, अकरा रेषांत. ज्यानं एखादा डोंगर अकरा रेषांत बसवला आहे, त्याला तो मातीत बसवणं काय जड जाणार होतं?

आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे कलाकेंद्र आहे. तिथं मातीकामाचा वर्ग चालतो आणि मागच्या अंगणात विजेची भट्टी आहे. मी नाव घातलं. वर्गाच्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलायला गोड आणि ऐकायला तयार, त्यामुळे मी त्यांना बरंच सांगितलं. पहिल्या दिवशी त्या माती सुकताना आणि भाजताना काय काय होतं ते समजावत होत्या. ते मला नीटसं ऐकू आलं नाही, कारण मी त्या वेळी शेजारच्या दंतवैद्याला समोच्चरेषा समजावून देत होतो. मग सगळ्यांनी एकेक वाटी करायची होती. माझ्या वाटीवर कुणीतरी बसून उठल्यासारखं दिसत होतं. दंतवैद्याची वाटी झकास झाली. त्यांची बोटं लहान जागेत काम करायला सरावलेली, त्यात कौतुक काय.

पण पुढच्या तासाला बाईंनी चाकाशिवाय भांडं घडवायची रीत दाखवली आणि माझा जीव भांड्यात पडला. मातीच्या लांब वळ्या वळायच्या, एकीवर एक गोल रचत जायचं, सांधे ओरखडून चिखलानं जोडायचे आणि बाहेरून बोटानं सपाट करायचं. म्हणजे समोच्चरेषाच की! मी बाईंना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "काका, किती छान! पण आतून पोकळ ठेवा हं." मी मान हलवली.

भट्टी वापरायची तर अर्ज. अर्जाच्या खिडकीमागे एक कारकून होते. त्यांच्या कागदावर 'वस्तूचा प्रकार' या सदरात कप, बशी, वाटी, फुलदाणी आणि इतर असे पाच चौकोन होते. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे सुवाच्य अक्षरात 'डोंगर' लिहिलं.

"इतर बंद आहे," कारकून म्हणाले.

"मग छापलंय कशाला?"

"छापलं तेव्हा चालू होतं. उपयोग काय लिहू?"

"बघायचा."

"बघणं हा उपयोग नाही, साहेब. नियम आहे, उपयोगी वस्तूच भाजायच्या. त्यात काहीतरी ठेवता आलं पाहिजे."

एकतीस वर्षं मी खिडकीच्या त्या बाजूला बसलो होतो, त्यामुळे हा माणूस बरोबर आहे हे मला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त संताप येत होता. शेवटी मी फुलदाणीवर खूण केली.

"तोंडाचा व्यास?"

"कुणाच्या तोंडाचा?"

"फुलदाणीच्या. तोंडाशिवाय फुलदाणी मंजूर होत नाही."

अशा रीतीनं सरकारदरबारी नव्हे, पण कलाकेंद्रदरबारी आमच्या डोंगराच्या माथ्याला अंगठ्याएवढं भोक पडलं.

डोंगर मी घरीच घडवला, जेवणाच्या टेबलावर. बायको आठ दिवस ताट मांडीवर घेऊन जेवली आणि एका शब्दानं बोलली नाही. बोलायला बाकीचे होतेच. वरच्या वहिनी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, मागचं छोटं शिखर राहिलंय." त्यांच्या मजल्यावरून म्हणे मागे एक दुसरं शिखर दिसतं. इमारतीचे सेक्रेटरी कडेच्या घरात राहतात. त्यांनी उजवी बाजू सुळक्यासारखी पाहिजे असं ठासून सांगितलं आणि जाताना ओल्या मातीवर अंगठा दाबून कुठे ते दाखवलं. हेडमास्तरांच्या सगळ्या खिडक्या कुंपणाच्या भिंतीकडे उघडतात. त्यांना डोंगर जन्मात दिसलेला नाही, त्यामुळे त्यांचं मत सगळ्यांत पक्कं होतं. चष्मा कपाळावर चढवून ते टेबलाभोवती फिरले आणि माथ्याशी थांबले.

"हे भोक कसलं?"

मी अर्जाची हकिकत सांगितली.

"भोक असलेल्या डोंगराला ज्वालामुखी म्हणतात," ते म्हणाले. "पाचवीच्या भूगोलात आहे. लोक हसतील हो."

मला ते फार लागलं. ते गेल्यावर मी मातीची गोळी करून ते भोक बुजवलं आणि वरून असं घोटलं की शोधून सापडलं नसतं. मग बायकोला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली. मी वाट बघत होतो. अकरा रेषा, चारही बाजू, जिथल्या तिथे.

"छान आहे," ती म्हणाली. "कुठला हो हा?"

"कुठला म्हणजे? आपला!"

"हा?" तिनं मान तिरकी केली. "हा नाही तो. त्याच्या अंगाखांद्यावर कसं असतं... आणि झाड कुठंय वरचं?"

"नकाशात झाडं नसतात!"

"मग नकाशातला असेल," ती शांतपणे म्हणाली आणि आत गेली.

एका माणसानं एका डोंगरासाठी यापेक्षा जास्त काय करायचं असतं? मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला ते तिसऱ्या दिवशी कळलं, त्यामुळे आणखी एक दिवस धरावा लागला. मनात म्हटलं, भाजून, रंगवून समोर ठेवतो, मग ओळखेल. तोवर समोर चौथा मजला झाला होता.

माती वाळल्यावर मी डोंगर चादरीत गुंडाळून कडेवर घेतला आणि दोन रस्ते चालत केंद्रात नेला. वाटेत एका बाईंनी बाळ किती महिन्यांचं म्हणून विचारलं. मी अडीच महिन्यांचं म्हणालो. समजावत बसायला वेळ नव्हता. भट्टीत त्याला मधली जागा मिळाली, दंतवैद्यांच्या सहा कपांच्या बरोब्बर शेजारी. त्यांचा तो पहिला संच. मुलगी नव्या घरी राहायला जायची होती, तिला द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी केंद्रातून निरोप आला, ताबडतोब या. भट्टी उघडी होती. बाई हातात माझ्या डोंगराचा एक तुकडा घेऊन उभ्या होत्या. सातव्या समोच्चरेषेपासून खालचा भाग शाबूत होता. वरचा सगळा उडाला होता आणि जाताना सहाच्या सहा कप घेऊन गेला होता.

"काका," बाई म्हणाल्या, "भोक बुजवलंत?"

मी जमिनीकडे बघितलं. त्यांनी सांगितलं की आत ओल राहते, तापली की तिची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट नसली की ती वाट करते. दंतवैद्य रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "पोकळी बुजवायच्या आधी आत काय आहे ते बघावं लागतं. मी हे रोज सांगतो लोकांना." आणि कपांचे कान वेचायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शिवाय कारकुनांना खुलासा पाहिजे होता. नोंदीप्रमाणे जी फुटली ती फुलदाणी होती, आणि फुलदाणीला तोंड असल्यामुळे ती वाफेनं फुटू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'फुलदाणीचे तोंड मी लाजेपोटी बुजवले' असं मी सहीनिशी लिहून दिलं. त्यांनी ते वाचून 'लाजेपोटी' या शब्दाखाली रेघ मारली आणि फाइलला लावलं.

घरी आलो आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. बायकोनं गॅस बारीक केला. पाणी दिलं. मग म्हणाली, "एक विचारू? तुम्ही इथं कधी उभे राहिलात का? ओट्यापाशी?"

राहिलो होतो ना. पाणी प्यायला, चमचा शोधायला, गॅस बंद आहे का बघायला. पण उभा राहून बाहेर बघायला? नव्हतो राहिलो. एकतीस वर्षं मी डोंगर वरून बघितले, पाखरासारखे, आणि घरच्या खिडकीतून एकदाही नाही.

उठलो, ओट्याशी उभा राहिलो. खिडकीच्या वरच्या चौकटीनं डोंगराचं डोकंच कापलं. "मला माथा दिसत नाही," मी म्हटलं.

"खाली या थोडे," ती म्हणाली. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. मी गुडघे वाकवले. आणखी वाकवले. आणि डोंगर चौकटीत आला.

तो माझा डोंगर नव्हता. त्याला चार बाजू नव्हत्या. एकच होती, आमच्याकडे वळलेली. डावीकडून तो हळूहळू चढायचा, दमल्यासारखा मध्ये एक टप्पा घ्यायचा आणि उजवीकडे एकदम खाली यायचा. टप्प्याशी एक टक्कल होतं, तिथं गवत नव्हतं. माथ्यावर एकच झाड, वाऱ्यानं एका बाजूला कललेलं.

"सकाळी पहिलं ऊन त्या टकलावर पडतं," बायको शेजारून म्हणाली. "मग मी गॅस लावते. पोरगी लग्न होऊन गेली, त्या दिवशी इथंच उभी होते. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हाही. काय काय सांगितलंय त्याला."

"काय सांगतेस?"

"तुमच्याबद्दलच. दुसरं काय सांगणार?"

मी तसाच वाकून बघत राहिलो. गुडघे दुखत होते, पण ते नंतर कळलं. समोर पाचव्या मजल्याच्या सळया वर आल्या होत्या. खाली मुकादमाला विचारलं तर म्हणाला, आठ दिवसांत स्लॅब. म्हणजे आमच्याकडे आठ दिवस होते.

आता मी पट्टी, नकाशा, काहीही घेतलं नाही. बायकोला ओट्याशी नेहमीच्या जागी उभं केलं, तिच्या हातात साबणाची चीप दिली आणि म्हटलं, एक डोळा मिट आणि जसा दिसतो तसा काचेवर गिरव. तिनं जीभ दातांत धरून गिरवला. बुडालेला पायथाही आठवणीनं गिरवला, न अडखळता. ती रेघ माझ्या अकरा रेषांपेक्षा सरस होती, हे मी इथं लिहून देतो. मग रोज सकाळी ऊन टकलावर पडायच्या वेळी मी गुडघे वाकवून ओट्याशी उभा राहायचो आणि साबणाच्या रेघेच्या मापानं वळी चढवायचो. वरच्या वहिनींनी सांगितलं की गुडघ्यांना लसूण घालून कढवलेलं तेल लावा. हेडमास्तर ज्वालामुखीबद्दल पुन्हा बोलायला आले, तेव्हा मी त्यांना दारातच म्हटलं, "भोक राहणार." माझा आवाज बहुधा चढला होता, कारण ते चप्पल न काढताच परत गेले.

सहाव्या दिवशी प्राणावर बेतलं होतं. मी दंतवैद्यांसाठी कप करायला केंद्रात गेलो होतो. वरच्या वहिनी चमचाभर विरजण मागायला आल्या, त्यांना खिडकीची काच साबणानं बरबटलेली दिसली आणि त्या मदतीच्या भरात ओलं फडकं घेऊन ओट्यावर चढल्या. "हात लावू नका!" असं बायको एवढ्यानं ओरडली की सेक्रेटरी पंखा बंद करून ऐकायला लागले. सव्वीस वर्षांत आमच्या इमारतीत कुणी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. रेघ वाचली, डाव्या पायथ्याला फडक्याचा बोटभर फराटा तेवढा आला. वहिनी विरजण न घेताच गेल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून वाटीभर घेऊन आल्या.

आठव्या दिवशी स्लॅब पडला. झाडाचा शेंडा तेवढा उरला, मग काही दिवसांनी तोही गेला. बायकोनं गॅस लावला, पण खिडकीकडे बघितलं नाही.

माती सावकाश वाळवली. टक्कल कोरं ठेवून बाकी हिरवट-तपकिरी लेप दिला. दोनदा भट्टी झाली आणि दोन्ही वेळा मी अंगणात बाकावर बसून होतो. दंतवैद्यही सोबत बसले. त्यांच्यासाठी मी केलेले सहा कप त्यांनी फार सभ्यपणे स्वीकारले आणि "प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे" असं म्हणाले. डोंगर धड बाहेर आला. कारकुनांनी भोकात बोट घालून तपासलं आणि शिक्का मारला.

घरी खिडकीत काचेला लागून मी आधीच एक फळी ठोकून ठेवली होती. त्यात भिंतीची एक फरशी गेली, तो विषय वेगळा. डोंगर फळीवर ठेवला, बायकोला तिच्या जागी उभं केलं आणि मागे सरलो.

तिनं मान तिरकी केली.

मी गुडघे वाकवून बघितलं आणि कपाळाला हात लावला. डोंगर साबणाच्या रेघेच्या आत आखडून बसला होता. दोन्ही बाजूंनी बोट-बोटभर जागा रिकामी, आणि त्या जागेतून समोरच्या इमारतीची पिवळी भिंत डोकावत होती. माती आकसते. पहिल्या दिवशी बाई तेच सांगत होत्या. मी ऐकायला पाहिजे होतं आणि मी बोलत होतो.

"पुन्हा करतो," मी म्हटलं. "मोठा करतो. काचेवर रेघ आहे अजून. ती पुसू नको फक्त."

"थांबा हो," ती म्हणाली. तिनं फळीवरचा डोंगर दोन्ही हातांनी उचलला. ओट्यावर डाळीचा डबा ठेवला, त्यावर पिठाचा डबा उपडा घातला आणि त्यावर डोंगर ठेवला, काचेपासून जरा अलीकडे. आपल्या जागी जाऊन बघितलं. परत आली, डबे आणखी दोन बोटं स्वतःकडे ओढले. पुन्हा बघितलं. मग कुंडीतल्या तुळशीची एक काडी खुडून आणली आणि माथ्यावरच्या भोकात खोचली, किंचित कलती.

"या," ती म्हणाली.

मी गेलो, वाकलो. डोंगर साबणाच्या रेघेत काठोकाठ बसला होता. मागे सहा मजले होते की नव्हते, काही कळत नव्हतं.

याला आता पाच महिने झाले. आमच्या घरातली प्रत्येक वस्तू दिवसातून दोनदा पुसली जाते, पण ती काच पुसली जात नाही. मी ताठ उभा राहिलो तर मला डोंगराच्या वरून समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. म्हणून सकाळचा चहा मी ओट्याशी बायकोच्या शेजारी गुडघे वाकवून पितो. समोरच्या सहाव्या मजल्यावर राहायला आलेल्या बाईंनी वरच्या वहिनींजवळ चौकशी केली म्हणे, की त्या घरातले आजोबा कमरेतून गेलेत का. वहिनींनी काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही.

"आज पुन्हा म्हणाले चहात साखर जास्त झालीय," बायको डोंगराला सांगते, मी शेजारी असताना, मला ऐकू जाईल अशा बेतानं. "आणि पितायत बघ सगळा."

मी कपातला शेवटचा घोट घेतो. गुडघे आणखी थोडे वाकवतो.